कराच्या पैशातून मुक्त सॉफ्टवेअर: पैसा बारशाला नको, सांभाळायला हवा

प्रश्न असा आहे: सरकारने करदात्यांच्या पैशातून मुक्त सॉफ्टवेअर तयार करवून घ्यावं का? की हे काम बाजारावर आणि हौशी प्रोग्रामरांवर सोडून द्यावं?

माझं उत्तर ‘हो, घ्यावं’ असं आहे. पण आपल्याकडे पैसा नव्या प्रणालीच्या उद्घाटनाला मिळतो आणि ती प्रणाली पुढे दहा वर्षं सांभाळायला मिळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं नुकसान नेमकं तिथे होतं. म्हणून या उत्तरात ‘द्यावा का’ यापेक्षा ‘कुठे द्यावा आणि कुठल्या अटींवर’ यावर जास्त लिहितो आहे.

आधी एक घोळ मिटवू. मुक्त म्हणजे मोफत नव्हे. प्रणाली वापरण्याची, आतला कोड वाचून बदलण्याची, तिच्या प्रती वाटण्याची आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याची मोकळीक परवान्यात लिहून दिलेली असेल, तर ते मुक्त सॉफ्टवेअर. एखादं सरकारी ॲप प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, एवढ्याने ते मुक्त होत नाही.

करातून पैसा देण्याची कल्पनाही नवी नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ च्या ग्नू जाहीरनाम्यातच ती मांडली होती. संगणक विकत घेणाऱ्याने किमतीच्या काही टक्के ‘सॉफ्टवेअर कर’ द्यावा, सरकारने तो एखाद्या विज्ञान-निधी संस्थेमार्फत सॉफ्टवेअरवर खर्च करावा, आणि ज्याने स्वतःहून एखाद्या प्रकल्पाला देणगी दिली असेल त्याला तेवढी सूट मिळावी, असा तो प्रस्ताव होता. वेगळा कर लावायची मला गरज दिसत नाही. आहे त्याच करातून केंद्र, राज्यं आणि महापालिका दर वर्षी सॉफ्टवेअर करवून घेतच असतात. त्यातून जनतेच्या हाती काय राहतं, हा खरा प्रश्न आहे.

कराच्या पैशातून चांगलं मुक्त सॉफ्टवेअर निघतं का, याचं उत्तर इतिहासाने दिलेलं आहे. अनेक सरकारी प्रणालींच्या पोटात चालणारा पोस्टग्रेस हा डेटाबेस १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झाला, तो अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन संस्थेच्या आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर. ग्रास ही नकाशा-विश्लेषणाची प्रणाली अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने १९८२ ते १९९५ या काळात वाढवली. नंतर प्रयोगशाळेने हात काढून घेतला. कोड बंद असता तर प्रणाली तिथेच संपली असती. कोड खुला होता म्हणून विद्यापीठांनी ती उचलली, १९९९ मध्ये ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली, आणि आज क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर उघडून पाणलोट क्षेत्र काढणारा भूगोलाचा विद्यार्थी ग्रासचंच गणित वापरू शकतो. निधी थांबला तरी केलेलं काम बुडत नाही, हा मुक्त परवान्याचा सर्वात मोठा फायदा आहे, आणि करदात्याच्या दृष्टीने तर तो निर्णायक आहे.

आता देखभालीकडे येतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. जगभरच्या वेबसाइटांचं कुलूप असलेल्या या प्रकल्पाला तोवर देणग्यांतून वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो एकच माणूस सांभाळत होता आणि थकला होता. कुणीतरी मदतनीस म्हणून शिरलं, दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड घुसवला. दोन्हीकडे कोड खुलाच होता. नव्हता तो सांभाळणाऱ्याचा पगार. बाजार इथे पैसे घालत नाही याचं कारण सोपं आहे: वापरणारे लाखो, आणि मी दिले नाहीत तरी मला मिळणारच, हे प्रत्येकाला ठाऊक. गावची विहीर उपसायला जसं कुणी एकटा पुढे येत नाही, तसंच हे. अशा कामांसाठीच कर असतो.

जर्मनीने हे ओळखून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू केला. नवीन काही बनवण्यापेक्षा, वापरात असलेल्या पायाभूत प्रकल्पांची डागडुजी, चाचण्या, सुरक्षा यांवर तो खर्च करतो. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाला त्याने १० लाख युरो दिले. दुसरा नमुना नेदरलंड्सच्या एनएलनेटचा. युरोपीय आयोगाच्या पैशातून ही संस्था पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार युरोंची लहान अनुदानं देते. अर्जदार कामाचे टप्पे लिहून देतो आणि टप्पा पुरा झाला की पैसे मिळतात. तासांचा हिशेब मागत नाहीत. सुरक्षा-तपासणी आणि अपंगांना वापरता येईल अशी रचना आहे का याची तपासणी संस्थाच करवून देते. माझ्या मते आपल्याला दुसरा नमुना जास्त जवळचा आहे.

मराठीतलं एक उदाहरण बारकाईने पाहू, म्हणजे ‘देखभाल’ म्हणजे काय ते कळेल.

‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात स्वयंपाकी आहेत, दुसऱ्यात गुरुजन. पहिल्यातला अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे साठवला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘झेडडब्ल्यूजे’ हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणात पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. त्यामुळे एका कारकुनाने पहिल्या पद्धतीने भरलेलं नाव दुसऱ्याने तिसऱ्या पद्धतीने शोधलं, तर ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अनेक प्रणाली अर्ज स्वीकारताना ‘अदृश्य कचरा’ म्हणून हे जोडचिन्ह पुसून टाकतात. मग तिसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात, दऱ्यांचा दर्या होतो, आणि मूळ काय होतं ते परत कळायला मार्ग उरत नाही.

दुरुस्ती ओळीभराची वाटते: जोडचिन्ह पुसण्याआधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. पण नेपाळीतही हा अर्धा र आहे आणि तिथे जोडचिन्हाची पद्धतच रूढ आहे. सरसकट नियम लावला तर मराठी सुधारेल आणि नेपाळी बिघडेल. म्हणून नियम भाषेपुरता बांधावा लागतो, नेपाळी मंडळींशी बोलावं लागतं, दोन्ही भाषांच्या शब्दांच्या चाचण्या लिहाव्या लागतात, ग्रंथालयाची (म्हणजे इतर प्रणालींना वापरता येणाऱ्या तयार कोड-संचाची) नवी आवृत्ती आली की त्या पुन्हा चालवाव्या लागतात. कोड दहा ओळी, काम कित्येक महिन्यांचं. हे काम युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या आयसीयूसारख्या मुक्त ग्रंथालयात एकदा नीट बसलं की बँकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना मिळतं. पण हे काम विकता येत नाही, म्हणून कुठलीही कंपनी ते आपणहून हाती घेत नाही. अक्षरांच्या वळणाचंही असंच. ल आणि श यांची मराठी वळणं टंकात (फॉन्टमध्ये) असली, तरी पानावर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर हिंदी वळण उमटतं. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’सारखा युनिकोड टंक लोकांसाठी उपलब्ध करून दिला हे योग्यच झालं. टंकानंतरची ही बारीक कामं मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात.

धोरणाच्या पातळीवर आपण मागे नाही. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचं वेगळं धोरणही आलं आणि पुढे त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे कोड-भांडार उभं राहिलं. आयआयटी मुंबईतला ‘फॉसी’ प्रकल्प केंद्रीय शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो. त्यातून ‘ईसिम’ हे सर्किट आखण्याचं साधन निघालं, आणि ते कायकॅड व एनजीस्पाइस या आधीच्या मुक्त साधनांवर उभं आहे. केरळच्या शाळांत ‘काइट’ संस्थेची, उबुंटू या मुक्त प्रणालीवर बेतलेली प्रणाली चालते. स्वित्झर्लंडने तर १ जानेवारी २०२४ पासून संघीय कार्यालयांना स्वतःचा कोड खुला करणं कायद्यानेच बंधनकारक केलं. आपल्याकडे धोरण आहे, पण निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती त्याला लागणारी वाक्यं नसतात. म्हणून करार कसा लिहायचा ते सांगतो.

पहिला खड्डा कॉपीराइटचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणाली हे साहित्यिक लेखन मानलं आहे. कंपनीच्या नोकराने केलेल्या कामाची मालक कंपनी असते. ‘सरकारी कृती’ असेल तर सरकार मालक, पण कंत्राटदाराने लिहिलेला कोड सरकारच्या ‘निर्देश किंवा नियंत्रणाखाली’ झाला की नाही, यावर वाद घालता येतो. म्हणून हस्तांतरण लेखी, सहीनिशी हवं. आणि कलम १९ वाचल्याशिवाय ते लिहू नका. त्यात तीन सापळे आहेत. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतंच मानलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर वेगळं लिहिलेलं नसल्यास तो हक्क गळून पडतो. सरकारी काम एका वर्षात प्रसिद्ध न होणं हे नेहमीचंच, त्यामुळे तिसरा सापळा खरा घातक आहे. करारात हे वाक्य असू द्या: ‘हे हस्तांतरण कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी आहे आणि कलम १९ (४) मधील एक वर्षाची अट त्यास लागू राहणार नाही.’

यापेक्षा सोपी वाटही आहे. मालकी कंत्राटदाराकडेच राहू द्या, पण पहिल्या दिवसापासून कोड ठरलेल्या मुक्त परवान्याखाली सार्वजनिक भांडारात टाकणं बंधनकारक करा. परवान्याचीही मुदत, प्रदेश आणि एक वर्षाची अट तशीच लिहून घ्या. आधीच्या मुक्त प्रकल्पात दुरुस्ती करून घ्यायची असेल तर हीच वाट बरी, कारण ती दुरुस्ती त्या प्रकल्पाच्या परवान्याखालीच जावी लागते.

परवाना कोणता? इतरांच्या प्रणालीत बसणारं ग्रंथालय किंवा सुटा भाग असेल तर अपाचे २.० किंवा एमपीएल २.० हे तयार मुक्त परवाने. महापालिकेची करवसुली, तक्रार-निवारण अशी सर्व्हरवर चालणारी पूर्ण प्रणाली असेल तर एजीपीएल ३ हा जीपीएलचाच अधिक कडक प्रकार. कारण असं की साध्या परवान्याखाली एखादी कंपनी तोच कोड घेऊन, चार बदल करून, पुढच्या महापालिकेला बंद स्वरूपात पुन्हा विकू शकते, आणि जनता एकाच कामाचे पैसे दुसऱ्यांदा मोजते. एजीपीएलमध्ये सर्व्हरवर चालवलेल्या बदलांचा कोडही वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. अपाचे २.० चा कोड जीपीएल ३ सोबत चालतो, फक्त जीपीएल २ असलेल्या कोडसोबत नाही. हे सुरुवातीलाच तपासा. स्वतःचा ‘सरकारी परवाना’ मात्र कधीही लिहू नका. दोन ओळींच्या वेगळेपणामुळे कुठलाही प्रकल्प तो कोड घेत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे ‘काम संपल्यावर कोड खुला करू’ हे आश्वासन. शेवटी टाकलेला कोड म्हणजे गाठोडं: बदलांचा इतिहास नाही, कोणता निर्णय का घेतला ते नाही, आणि बहुतेक वेळा चालतही नाही. इतिहास जोडला तरी त्यात डेटाबेसचे पासवर्ड आणि एसएमएस सेवेच्या चाव्या निघतात, मग सुरक्षेच्या नावाखाली प्रकाशनच थांबतं. पहिल्या दिवसापासून उघड्यावर काम केलं की चाव्या कोडबाहेर ठेवण्याची सवय आपोआप लागते. आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड मे २०२० मध्ये खुला झाला, सर्व्हरकडचा नोव्हेंबरमध्ये. साथीच्या ऐन भरात लोकांना प्रश्न पडला होता तो आपली माहिती सर्व्हरवर गेल्यावर तिचं काय होतं, हाच. अर्धा कोड खुला करून तो प्रश्न सुटत नव्हता.

तिसरा खड्डा स्वतःची वेगळी फांदी काढून बसण्याचा. एखादी तयार मुक्त प्रणाली घ्यायची, तिच्यात शंभर बदल करायचे आणि मूळ प्रकल्पाला काहीच परत द्यायचं नाही. पहिल्या वर्षी हे स्वस्त पडतं. तिसऱ्या वर्षी मूळ प्रकल्पाच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपल्या फांदीवर बसेनाशा होतात. करारात लिहा की सर्वसाधारण उपयोगाचा प्रत्येक बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवला जाईल. पैसे कसे द्यायचे हा इथे नाजूक मुद्दा आहे, कारण दुरुस्ती स्वीकारणं मूळ प्रकल्पाच्या हातात असतं, कंत्राटदाराच्या नाही. म्हणून त्या टप्प्याचे ७० टक्के चाचण्यांसह दुरुस्ती पाठवून आक्षेपांना उत्तरं दिल्यावर द्या. उरलेले ३० टक्के ती स्वीकारली गेल्यावर किंवा सहा महिने चर्चा होऊन कारणांसह नाकारली गेल्यावर द्या.

चौथा खड्डा आर्थिक वर्षाचा. अनुदान उशिरा मंजूर होतं, ३१ मार्चला उरलेली रक्कम परत जाते, मग घाईत सर्व्हर आणि लॅपटॉप खरेदी होतात. देखभालीला मात्र बारा महिने सारखा वाहणारा लहान झरा लागतो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत अनुदान मुख्यतः नोंदणीकृत संस्थांनाच देता येतं आणि जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. घरी बसून ग्रंथालय सांभाळणाऱ्या एकट्या प्रोग्रामरला हे झेपत नाही. त्याला विद्यापीठ, आयआयटी किंवा सी-डॅकसारखी यजमान संस्था हवी. हिशेब संस्था सांभाळेल, टप्पे तो पुरे करील.

आक्षेपांपैकी दोन मला गंभीर वाटतात. एक म्हणजे, सरकारने फुकट वाटलं तर पुणे-नाशिकच्या छोट्या कंपन्या काय विकतील? त्या आजही परवाने फारसे विकत नाहीत. बसवून देणं, प्रशिक्षण, जुनी माहिती नव्या प्रणालीत आणणं, वर्षभराची सेवा यांवर त्या चालतात. कोड खुला असेल तर मूळ कंत्राटदाराशिवाय दुसऱ्यालाही सेवेच्या निविदेत उतरता येतं, त्यामुळे छोट्यांना उलट जागा मिळते. दुसरा आक्षेप असा की सरकार बदललं, मर्जी फिरली, की सगळं उलटतं. हे खरं आहे. म्युनिकने २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेले आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्यावर माझा उपाय एवढाच की एका प्रचंड स्थलांतरावर सगळा पैसा लावू नये. अनेकांच्या उपयोगी पडणाऱ्या लहान भागांवर तो पसरावा. एक निर्णय फिरला तरी ते भाग इतरांच्या प्रणालींत चालत राहतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर वर्षाला एक कोटीचा निधीही सुरुवातीला पुरे. त्यातले ६० लाख मराठीशी आणि राज्याच्या कारभाराशी संबंधित मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या सहा जणांना, प्रत्येकी १० लाख, सलग तीन वर्षांच्या हमीने. २० लाख दोन-दोन लाखांच्या दहा लहान अनुदानांना: शुद्धलेखन तपासणी, स्क्रीन-रीडरचा मराठी उच्चार, जुन्या टंकांतल्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर. १० लाख बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा-तपासणीला, उरलेले १० लाख प्रशासनाला. निवड समितीत निम्मे लोक तरी स्वतः मुक्त प्रकल्प सांभाळणारे असावेत. याशिवाय राज्यातल्या प्रत्येक नव्या प्रणालीच्या निविदेत विकासखर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम दर वर्षी देखभालीसाठी, किमान पाच वर्षं, आधीच मंजूर करून ठेवावी.

काम ताब्यात घेताना एक चाचणी कधीही चुकवू नका. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला कोरा लॅपटॉप द्या. त्याने सार्वजनिक भांडारातून कोड उतरवायचा, सोबतची सूचना-पुस्तिका वाचून प्रणाली उभी करायची आणि नमुना माहिती भरून एक पूर्ण व्यवहार करून दाखवायचा. कंत्राटदाराला फोन करायचा नाही, त्याच्या सर्व्हरला हात लावायचा नाही. एका कामाच्या दिवसात हे झालं नाही, तर अडलेली प्रत्येक जागा लिहून परत पाठवा आणि शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता रोखून ठेवा. बहुतेक वेळा अडतं ते एखाद्या बंद ग्रंथालयापाशी किंवा कंत्राटदाराच्या खासगी सर्व्हरवरून येणाऱ्या फाइलपाशी. पुस्तिकेत अशा भागाचा उल्लेखही नसतो, म्हणून कोऱ्या लॅपटॉपशिवाय तो सापडत नाही.